खुर्द्याची मोजदाद

(शाळेच्या हीरकमहोत्सवी वर्षात काला अंब, पानिपत येथे भरलेल्या माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाचा मुख्य सोहळा आपल्या शाळेच्या पटांगणावर थाटात पार पडला. मग हा दुसरा मेळावा इतक्या दूर, हरियाणाच्या धुक्यात कशासाठी, असे तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला गाडीत विचारले. त्याचे एक उत्तर सोपे आहे. इकडे स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना गावाकडे येणे दर वेळी जमत नाही, म्हणून या वेळी शाळाच त्यांच्याकडे आली. दुसरे उत्तर असे की, ज्यांच्या देणगीतून शाळा आज एक शिष्यवृत्ती सुरू करीत आहे, ते आपले माजी विद्यार्थी याच पानिपत शहरात व्यवसाय करतात. तिसरे उत्तर मात्र मला या जागेनेच दिले. माझे आजचे बोलणे मुख्यतः त्या तिसऱ्या उत्तराविषयी आहे.

मराठी माणसाच्या तोंडी पानिपत रोज येते. कामांचा गुंता झाला की आपण 'सतराशे साठ भानगडी' म्हणतो. धूळधाण उडाली की 'पानिपत झाले' म्हणतो. कुणावर भरवसा उरला नाही की 'विश्वास पानिपतात गेला' असे म्हणून मोकळे होतो. ज्या शब्दांचा आपण इतका सैल वापर करतो, त्यांची मूळ भूमी ही. १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. समोर विटांचा हा स्तंभ आहे. येथे एक आम्रवृक्ष होता आणि रणात सांडलेल्या रक्ताने तो काळा पडला, अशी लोककथा आहे. त्यावरून या जागेला काला अंब हे नाव पडले. भोवती गव्हाची शेते आहेत. दर वर्षी त्या तारखेला या परिसरातले रोड समाजाचे लोक येथे जमतात. आपण त्या युद्धातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, असे ते अभिमानाने सांगतात. सकाळी त्यांच्यापैकी एका आजोबांनी आपल्या मुलींच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा भाषेची अडचण कुणालाच जाणवली नाही.

या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, हे मी नववीच्या वर्गात दर वर्षी सांगते. पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे निघाले होते. माळव्यात, भेलशाजवळ, एका सावकाराचे पत्र घेऊन दक्षिणेकडे चाललेला जासूद त्यांच्या लोकांच्या हाती लागला. पत्र व्यापारी सांकेतिक भाषेत होते. मोती किती गेले, मोहरा किती गेल्या, हे त्यात मोजून सांगितले होते. रुपये आणि खुर्दा यांची मात्र गणतीच करता येत नाही, अशा अर्थाचा मजकूर होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. पेशव्यांना अर्थ कळायला वेळ लागला नाही. त्याच वर्षी जूनमध्ये ते निवर्तले.

वर्गात हा प्रसंग सांगताना माझा आवाज मोत्यांपाशी जड होत असे. खुर्द्यापाशी मी कधी थांबले नाही. मुलेही थांबत नसत, कारण परीक्षेत मोत्यांवरच प्रश्न येतो. खुर्दा म्हणजे चिल्लर, मोड. ती कोण होती? लढणारे साधे शिपाई होते. त्यांच्या घोड्यांचे मोतद्दार होते, पाणके होते, दाणावैरण वाहणारे होते. इतिहासाच्या पुस्तकांनी ज्यांना 'बाजारबुणगे' म्हणून हिणवले, ते सगळे होते. फौजेच्या संरक्षणात उत्तरेकडची तीर्थे घडतील म्हणून निघालेली यात्रेकरू माणसे होती, बायका होत्या, मुले होती. कुरुक्षेत्राच्या दर्शनाची त्यांना ओढ होती आणि कुरुक्षेत्र येथून फार दूर नाही. अडीच महिने ही सारी माणसे या परिसरात अडकून पडली. रसद तुटली. डिसेंबर १७६० मध्ये गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि अंतर्वेदीतून धान्य येण्याची आशाही संपली. उपासमार सुरू झाली, ती प्रथम या खुर्द्याचीच.

त्या सावकाराला मी दोष देत नाही. त्याने घाईत, जिवाच्या भीतीने, आपल्या पेढीला कळवायचे तेवढे कळवले. तरीही त्याचे पत्र मला आता निराळे दिसते. मोती मोजायचे आणि खुर्द्याची गणती सोडून द्यायची, ही सवय त्याच्या एकट्याची नव्हती. ती आपल्या सर्वांची आहे आणि आपल्या शाळेचीही आहे. हे मी आज माजी विद्यार्थ्यांसमोर कबूल करणार आहे.

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी गेल्या उन्हाळ्यात आम्ही यादी करू लागलो. साठ वर्षांत बोर्डाच्या गुणवत्ता यादीत कोण आले, डॉक्टर किती झाले, अभियंते किती, परदेशी किती गेले. कार्यालयाच्या भिंतीवरचे फलक आम्ही उतरवून पुसले आणि नावे लिहून घेतली. ती नावे आपला अभिमान आहेत. त्यांतले काही जण आज समोर बसले आहेत आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात केवळ आनंद आहे. पण यादी पूर्ण करताना पडताळणीसाठी जनरल रजिस्टर काढावे लागले. आमचे लिपिक एकेक जुने रजिस्टर कापडातून सोडवून माझ्यासमोर ठेवत होते. त्या रजिस्टरात शेवटी एक रकाना असतो: 'शाळा सोडल्याचे कारण'. पालकांची बदली, पुढील शिक्षण, उत्तीर्ण. या नोंदींच्या मध्ये पुन्हा पुन्हा, पानोपानी, एक नोंद येत होती: 'सतत गैरहजर, नाव कमी केले.'

त्या नोंदींपुढे दुसरे काही नाही. ते मूल कुठे गेले, का गेले, त्याचे पुढे काय झाले, याला रजिस्टरात रकानाच नाही. आपल्या दुष्काळी तालुक्यातल्या माणसाला कारण सांगावे लागत नाही. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, म्हातारी आणि मुले. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोपी उभी राहते. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली मुलगी लागते. मार्च-एप्रिलमध्ये ती परत येते, तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो आणि हजेरीपटावर तिचे नाव राहिलेले नसते. हा आपला खुर्दा. साठ वर्षे आपण तो मोजला नाही.

एका पानावर मात्र माझा हात थांबला. ती नोंद एकतीस वर्षांपूर्वीची होती. मी शाळेत रुजू झाले ते वर्ष. आठवी ब च्या एका मुलाचे नाव तांबड्या शाईने कमी केले होते आणि अक्षर माझे होते. नियम होता, मुख्याध्यापकांची सूचना होती, मी नवी होते. ही सारी कारणे खरी आहेत. त्या मुलाचा चेहरा आठवण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तो आठवला नाही.

आता देणगीदारांविषयी. त्यांनी मला दोन अटी घातल्या आहेत: नाव घ्यायचे नाही आणि फोटो लावायचा नाही. म्हणून मी त्यांचा उल्लेख 'आपले माजी विद्यार्थी' एवढाच करीन. काल सायंकाळी त्यांनी आपल्या सर्वांना त्यांचा कारखाना दाखवला. जगभरातून टाकून दिलेले लोकरीचे कपडे पानिपतला येतात, हे आपण पाहिले. बायका बसून त्यांची बटणे आणि चेन काढतात, रंगांप्रमाणे ढीग करतात. लालात लाल, निळ्यात निळा, म्हणजे पुन्हा रंगवावे लागत नाही. मग यंत्रात त्यांच्या चिंध्या होतात, चिंध्यांचे सूत होते आणि सुताची ब्लँकेटे होतात. पूर असो, भूकंप असो, निर्वासितांची छावणी असो, मदत म्हणून जी स्वस्त ब्लँकेटे वाटली जातात, ती बहुधा अशीच तयार झालेली असतात. आपले हे माजी विद्यार्थी प्रथम सोलापूरला चादरीच्या मागावर मदतनीस होते. तेथून सुताच्या व्यापाऱ्याबरोबर ते इकडे आले, हमाली केली, हिशेब शिकले आणि पुढे स्वतःचा माग टाकला.

महोत्सवासाठी मी त्यांच्याकडे सभागृहाच्या छतासाठी मदत मागितली होती. त्यांनी दूरध्वनीवर शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बाई, छताला द्यायला पुष्कळ जण मिळतील. मला माणसाला द्यायचं आहे. शाळेची अशी एखादी पोरगी सांगा, जिचं पैशामुळे अडलं आहे." मी खरे सांगते, माझा थोडा हिरमोड झाला. मी त्यांना अभियांत्रिकीला गेलेल्या एका हुशार मुलीचे नाव सुचवले. ते म्हणाले की तिला बँक कर्ज देईल. मग मी चाचरतच दुसरे नाव सांगितले.

ती मुलगी आज येथे आहे. तिचे नाव मी भाषणात घेणार नाही, कारण ती स्वतःच्या कामाने ते मिळवील. तिचे आई-वडील ऊसतोडीला जात. ती आजीजवळ राहिली, हंगामी वसतिगृहात जेवली आणि दहावी झाली. बी. ए. करताना दोन हिवाळे ती सायकलवरून वस्त्यांवर जाऊन गळालेल्या मुलींची वही करीत होती: नाव, वय, इयत्ता, कोणत्या कारखान्यावर गेली, परत कधी येणार. ती वही तिने मला आणून दाखवली आणि म्हणाली, "बाई, मला एम.एस.डब्ल्यू. करायचे आहे." समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला तिला प्रवेश मिळाला आहे. अडचण शुल्काची, वसतिगृहाची आणि दोन वर्षे घरी पैसा न पाठवण्याची होती.

हे सांगितल्यावर आमच्या शालेय समितीतही प्रश्न उठले आणि ते गैर नव्हते. समाजसेवा हे काय शिकण्याचे शास्त्र आहे? ती मनात असावी लागते. रविवारी करता येते. तेवढ्या पैशात एक मुलगी परिचारिका होईल, शिक्षिका होईल, घर सावरेल. मुलीच्या वडिलांनीही हेच विचारले: "बाई, लोकांचं बघताना हिचं कोण बघणार?" आणि आपले उद्योजक माजी विद्यार्थी व्यापाऱ्याच्या सरळपणाने म्हणाले, "यात मिळकत काय, तेवढं मला समजावून सांगा." ते समजावण्यासाठी मला पुन्हा इतिहासाकडे जावे लागले. आज हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मी त्यांना सांगितलेली गोष्ट एका हिऱ्याची आहे.

ज्युबिली नावाचा हा हिरा २४५ कॅरटचा, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. राणी व्हिक्टोरियाच्या १८९७ च्या हीरक महोत्सवावरून त्याला ते नाव मिळाले. सर दोराबजी टाटा यांनी तो पत्नी मेहेरबाई यांच्यासाठी घेतला होता. १९२४ मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यावर असे संकट आले की कामगारांचे पगार होणे कठीण झाले. तेव्हा दोराबजींनी आपली सारी खाजगी संपत्ती इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात हा हिराही होता. कारखाना वाचला. १९३१ मध्ये मेहेरबाई गेल्या. १९३२ मध्ये दोराबजींनी आपली मालमत्ता एका विश्वस्त निधीच्या नावे केली आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे तो हिरा विकला गेला आणि त्याची रक्कम या दानकार्याकडे आली.

त्या विश्वस्त निधीने काय उभे केले, ते पाहा. १९४१ मध्ये मुंबईचे टाटा कर्करोग रुग्णालय. १९४५ मध्ये मूलभूत विज्ञान संशोधनाची संस्था. पण त्या दोन्हींच्या आधी, १९३६ मध्ये, समाजकार्य शिकवणारी शाळा. मुंबईच्या नागपाडा भागात अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट वस्तीतल्या गिरणी कामगारांमध्ये काम करीत होते. भूक, दारू, कर्ज, आजार आणि बेकारी यांना नुसत्या दयेने उत्तर देता येत नाही, त्यासाठी शिकलेली माणसे लागतात, हा त्यांचा अनुभव होता. विश्वस्तांना तो पटला आणि मॅनशार्ट त्या शाळेचे पहिले संचालक झाले. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था असे झाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपल्या देशात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण सुरू झाले ते असे, एका उद्योजकाच्या पैशातून.

या संस्थेचा आणि आपण उभे आहोत त्या भूमीचा एक धागा आहे. १९४७ मध्ये फाळणीनंतर लाखो माणसे सीमा ओलांडून या भागात आली. कुरुक्षेत्रावर निर्वासितांची छावणी उघडली गेली; एका काळी तिच्यात तीन लाखांच्या आसपास माणसे होती. त्या छावणीत काम करण्यासाठी मुंबईहून या संस्थेचे शिक्षक आणि विद्यार्थी आले होते. ज्या कुरुक्षेत्राची ओढ असलेले यात्रेकरू १७६१ मध्ये मोजदादीवाचून नाहीसे झाले, त्याच कुरुक्षेत्रावर १८६ वर्षांनी शिकलेली तरुण माणसे तंबूतंबूंतून जाऊन विचारू लागली की कोणाचे मूल हरवले आहे, कोण विधवा आहे, कोणाला कोणता हुन्नर येतो. या पानिपतात आलेल्या निर्वासितांत कितीतरी विणकर होते आणि या गावाच्या आजच्या हातमागाच्या कीर्तीत त्यांचा मोठा वाटा आहे.

समाजकार्य म्हणजे काय, याचे माझे उत्तर मला येथे सापडले. खुर्दा मोजण्याची विद्या, ती ही. एकेका व्यक्तीबरोबर काम करायचे, गटाबरोबर करायचे, सबंध वस्तीला संघटित करायचे, आणि हे सारे वर्गात शिकताना आठवड्यातले ठराविक दिवस प्रत्यक्ष क्षेत्रकार्यात घालवायचे, अशी तिची रीत आहे. ब्लँकेट वाटायला दयाळू माणूस पुरतो. ब्लँकेट कोणाला मिळाले नाही आणि का मिळाले नाही, हे शोधायला शिकलेला माणूस लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झाले, ते आपल्या भागातले पालक विसरलेले नाहीत. देशभरातून कपडे आणि धान्य यांचे ढीग आले. पण ज्या विधवेचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, जे मूल आजोळी होते म्हणून यादीत आले नाही, जो सालगडी दुसऱ्याच्या वाड्यात राहत होता, त्यांची घरे कुणी मोजायची? पुनर्वसनाच्या त्या पाहणीतही टाटा संस्थेची माणसे होती.

महाराष्ट्रात याच विचाराच्या पाऊलवाटा आहेत. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये दिले. मोत्याएवढे हे दान मिळण्याआधी आणि मिळाल्यानंतरही अण्णा गावोगाव फिरून आणे-पैसे गोळा करीत राहिले, हे आपण विसरू नये. त्यांच्या स्मरणार्थ १९६३ मध्ये पुण्यात जी संस्था निघाली, ती समाजकार्याचे शिक्षण देणारी होती. नागपुरात कमलाताई होस्पेट यांच्या मातृ सेवा संघानेही हे शिक्षण सुरू केले. मोठ्या देणगीने इमारत उभी राहिली. ती टिकली मात्र खुर्द्यावर.

हे ऐकून आपले माजी विद्यार्थी म्हणाले, "म्हणजे मिळकत दिसायला तीस वर्षं लागतील." मी म्हटले, "लागतील." ते म्हणाले, "चालेल. मलाही तेवढीच लागली."

त्यानंतर मी त्यांना एक अवघड प्रश्न विचारला. तो तुम्हा सर्वांना सांगितला पाहिजे, कारण उद्योगाचा पैसा घेताना शाळेने तो विचारायलाच हवा. मोठ्या कंपन्यांनी आपल्या सरासरी नफ्यातील दोन टक्के समाजासाठी खर्च करावेत, असा २०१३ चा कायदा आहे. त्यातून चांगली कामे होतात. तसेच फलक, छायाचित्रे आणि अहवाल यांचा पूरही येतो. आपले माजी विद्यार्थी त्या कायद्याच्या मर्यादेत येण्याइतके मोठे नाहीत. ते स्वेच्छेने देत आहेत. तरीही देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतोच. म्हणून मी विचारले, "उद्या ही मुलगी शिकली, आणि चिंध्या निवडणाऱ्या बायकांच्या छातीत जाणाऱ्या धुळीचा प्रश्न तिने तुमच्याच दारात येऊन विचारला, तर?" ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विचारू दे. पहिल्यांदा मलाच विचार म्हणावं." काल कारखान्यात काही बायकांच्या नाकातोंडाला नवे रुमाल बांधलेले तुम्ही पाहिले असतील. तेवढ्याने प्रश्न सुटलेला नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

त्या बोलण्यातून या शिष्यवृत्तीचे नियम ठरले. शुल्क, वसतिगृह, जेवण आणि क्षेत्रकार्याचा प्रवास एवढा खर्च दोन वर्षे थेट विद्यार्थिनीच्या खात्यावर, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जमा होईल. हात पसरून मागायला कुणाच्या दारी जावे लागणार नाही. निवड समितीत देणगीदाराच्या घरचे कुणी असणार नाही. शिक्षण संपल्यावर अमुक ठिकाणीच नोकरी करावी, असे बंधन नाही. तिने सहा महिन्यांतून एकदा शाळेला पत्र लिहावे आणि त्यात स्वतःच्या गुणांपेक्षा ज्यांना ती भेटली त्यांच्याविषयी लिहावे. परतफेड सक्तीची नाही. पण जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापला, तो कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आला आहे, म्हणजे एकाने फेडले की दुसऱ्याला मिळते. त्याच टाटा शिष्यवृत्तीवर केरळातल्या एका दरिद्री दलित घरातला तरुण १९४५ मध्ये लंडनला शिकायला गेला आणि १९९७ मध्ये के. आर. नारायणन या नावाने आपल्या देशाचा राष्ट्रपती झाला. खुर्द्यात काय असते, हे आधी कुणाला सांगता येत नाही. पानिपतच्या रणातून फाटक्या अंगाने वाचलेल्या गर्दीतही एक अठरा वर्षांचा मुलगा होता. त्याला पुढे नाना फडणवीस म्हणून ओळखले गेले.

ती गर्दी वाचली कशी, तेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. भरतपूरच्या सूरजमल जाटाचे आणि भाऊसाहेबांचे बिनसले होते. तो युद्धाआधीच फौज घेऊन निघून गेला होता. तरीही उघडी, उपाशी, जखमी माणसे त्याच्या मुलखात आली, तेव्हा त्याने आणि राणी किशोरीने जुना राग मनात ठेवला नाही. अन्न दिले, वस्त्र दिले, औषधोपचार केले आणि पुढच्या वाटेला लावले. पानिपतच्या कथेत आपण शौर्य शिकवतो. हे प्रकरणही तितक्याच वेळाचे आहे आणि या वर्षापासून मी ते तितक्याच वेळाचे शिकवणार आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, या शिष्यवृत्तीचा पहिला निधी एका माणसाने दिला. ती एका मुलीपुरती राहू नये. आपल्यापैकी मोती पुष्कळ आहेत, पण मी मोती मागत नाही. दर महिन्याला जो खुर्दा खिशात राहतो, तो द्या. शाळेच्या वतीने मी एवढे वचन देते की, स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीशेजारी दुसरी एक यादी सुरू होईल. रजिस्टरात ज्यांची नावे कमी झाली, त्यांतले कोण कुठे आहे, हे आम्ही शोधू. काहींना दाखला हवा असेल, काहींना बाहेरून दहावीला बसायचे असेल, काहींना फक्त शाळेने विचारले एवढे हवे असेल. तिची वही हा त्या यादीचा आरंभ आहे. आज शिक्षणहक्काच्या कायद्यामुळे प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण नाव पटावर राहिले आणि मूल उसाच्या फडात राहिले, तर कायदा पाळूनही आपण हरलो.

आणि बाळ, आता तुझ्याशी दोन शब्द. तुझ्या वडिलांनी विचारलेला प्रश्न मी टाळणार नाही: लोकांचं बघताना तुझं कोण बघणार? मी त्यांना सांगितले, शाळा बघेल. ते माझ्याकडे पाहत राहिले. मराठी माणूस विश्वास पानिपतात गेला असे म्हणतो, आणि शाळेवर विश्वास ठेवण्याजोगे त्यांच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. तरी त्यांनी मान हलवली. ती मान हलवणे माझ्यासाठी या वर्षातला सर्वांत मोठा सन्मान आहे. शीक. चुकशील तेव्हा लिही. थकशील तेव्हा ये.

शेवटी एक गोष्ट राहिली. आठवी ब मधल्या ज्या मुलाचे नाव मी तांबड्या शाईने कमी केले, तो मुलगा म्हणजेच आज येथे मागच्या रांगेत बसलेले आपले देणगीदार. त्या वर्षी त्यांचे वडील कारखान्याच्या तळावर आजारी पडले आणि ते परत आलेच नाहीत, हे मला एकतीस वर्षांनी कळले. दूरध्वनीवर ते मला 'बाई' म्हणत होते, तेव्हा ते अक्षर कोणाचे, हे त्यांना माहीत होते. त्यांनी एकदाही तसे सुचवले नाही. गेल्या महिन्यात मी ते रजिस्टर उघडले. तांबडी रेघ पुसता येत नाही आणि शासकीय दस्तऐवजात खाडाखोड करू नये, हे मला कळते. म्हणून आमच्या शाळेच्या हीरकमहोत्सवी नोंदवहीचे पहिले पान मी स्वतःच्या हाताने लिहिले आहे. त्यावर पहिले नाव त्यांचे आहे. नाव घ्यायचे नाही ही त्यांची अट मी व्यासपीठावर पाळली. वहीत मात्र मोडली आहे. त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी, आणि त्या तांबड्या रेघेबद्दलही.